अजिंठ्याचा पुरावा : रसायन, राजकारण आणि चित्रकला

खानदेशातील उपासकांना अजिंठा कधीच दूरचा वाटला नाही. महसुली हद्दीप्रमाणे ही लेणी आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील सोयगाव तालुक्यात येतात. परंतु रेल्वेने येणारा यात्रिक जळगावला उतरतो आणि पहूरवरून फर्दापूर गाठतो. हे अंतर जेमतेम ६० किलोमीटरचे आहे. लेण्यांच्या पायथ्याशी वाहणारे वाघोऱ्याचे पाणीही खाली खानदेशातच उतरते आणि तापीला मिळते. धुळे-चाळीसगावकडील मंडळींना दुसरे लेणे जवळचे, ते म्हणजे डोंगराच्या कुशीतील पितळखोरे. वर्षावासात, बुद्ध पौर्णिमेला किंवा शाळेच्या सहलीसोबत आपण या लेण्यांत जातो, वंदना घेतो, चित्रे पाहतो आणि परततो. परततांना मनात काही प्रश्न उरतात. ही चित्रे कोणी काढली? कोणाच्या दानातून? केव्हा? आणि या प्रश्नांची जी उत्तरे आपल्याला सांगितली जातात ती खरी कशावरून?

प्रस्तुत लेखात या शेवटच्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. अजिंठ्याचा अभ्यास हा एकाच शास्त्राचा प्रांत नाही. भिंतीवरील रंग हा रसायनशास्त्राचा विषय, शिलालेखातील राजे आणि अमात्य हा राजकीय इतिहासाचा विषय, आणि चित्रातील रेषा व कथा हा कलेचा आणि वाङ्मयाचा विषय. गेल्या २०० वर्षांत या तिन्ही दिशांनी संशोधन झाले. ज्या ज्या वेळी एका शास्त्राने दुसऱ्याला न विचारता निर्णय दिला, त्या त्या वेळी चूक झाली. काही वेळा तर खुद्द चित्रांनाच इजा झाली. म्हणून हा इतिहास आपण नीट समजून घेतला पाहिजे.

भिंत काय सांगते

२८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास घोडदळातील जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी या दरीत आला. दहाव्या लेण्यातील एका खांबावर त्याने आपले नाव व तारीख कोरली. ज्या खांबावर ती अक्षरे आहेत तेथे बोधिसत्त्वाचे चित्र होते, याचे त्याला भान नव्हते. आधुनिक जगाला अजिंठ्याची ओळख झाली ती अशी, एका ओरखड्याने.

लेण्यांचे दोन काळ आहेत हे आता सर्वमान्य आहे. पहिला इसवी सनापूर्वीचा, सातवाहनांच्या आसपासचा. ९ व १० क्रमांकांची चैत्यगृहे आणि १२ क्रमांकाचा विहार त्या काळातील. दुसरा इसवी सनाच्या पाचव्या शतकातला. आपण ज्या चित्रांसाठी अजिंठ्याला जातो त्यांतील बहुतेक या काळातील आहेत. दोन्ही काळांत चित्र काढण्याची रीत मात्र एकाच प्रकारची होती. खडबडीत बसाल्टच्या भिंतीवर माती, दगडाची भरड, गवत, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळून केलेला गिलावा लावीत. त्यावर चुन्याचा पातळ, गुळगुळीत थर देत. तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग भरीत. ओल्या चुन्यावर रंगविण्याची जी युरोपीय पद्धत आहे ती ही नव्हे. १९३० च्या दशकात एस. परमशिवन यांच्यासारख्या रसायनतज्ज्ञांनी गिलाव्याचे कण तपासून ही गोष्ट दाखवून दिली. त्यापूर्वी अनेक कलासमीक्षक अजिंठ्याच्या चित्रांना सरसकट ओल्या गिलाव्यावरील चित्रे समजत असत.

रंगही बहुतेक याच मातीतले आहेत. तांबडा गेरू, पिवळी पिवडी, पांढरा चुना, दिव्याची काजळी आणि दख्खनच्या दगडाच्या पोकळ्यांत सापडणारी हिरवी माती. निळा तेवढा परका आहे. तो लाजवर्द या दगडाचा असून त्याची जुनी खाण आजच्या अफगाणिस्तानातील बदख्शान प्रांतात आहे. तो पाचव्या शतकातील चित्रांत दिसतो. म्हणजे निळ्या रंगाचा एक कण हा केवळ रसायनाचा पुरावा राहत नाही. बदख्शानपासून तापीच्या खोऱ्यापर्यंत चालणाऱ्या व्यापारी वाटांचा, पर्यायाने राजकीय शांततेचा आणि धनिक दात्यांचाही तो पुरावा ठरतो. एक शास्त्र दुसऱ्याच्या दारात असे नेऊन सोडते.

नकला, रोगण आणि पश्चात्ताप

१८४० च्या दशकात रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्यावर अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्याचे काम सोपविण्यात आले. वर्षानुवर्षे लेण्यांजवळ राहून त्याने मोठ्या आकाराच्या प्रतिकृती केल्या. लंडनला पाठविलेल्या त्या प्रतिकृतींतील बहुतेक १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्यानंतर मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या भारतीय विद्यार्थ्यांसह पुन्हा नकला केल्या. त्यांतीलही पुष्कळ १८८५ च्या लंडनमधील आगीत गेल्या. उरलेल्या सामग्रीवर त्यांचा द्विखंडात्मक ग्रंथ १८९६-९७ मध्ये निघाला. पुढे १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्यासोबत नंदलाल बोस आणि असितकुमार हळदार यांच्यासारखे तरुण चित्रकार येथे आले आणि अजिंठ्याची रेषा आधुनिक भारतीय चित्रकलेत उतरली.

या कामाचे मोल मोठे आहे; भिंतीवरून नंतर नाहीसे झालेले काही भाग आज केवळ या नकलांमुळे आपल्याला ठाऊक आहेत. परंतु याच कामाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अंधाऱ्या लेण्यात रंग उजळून दिसावेत म्हणून नकलाकारांनी चित्रांवर रोगण चढविले. चित्रकाराच्या दृष्टीने तो सोयीचा उपाय होता. काही वर्षांतच रोगण पिवळे पडले, त्याने धूळ धरली आणि खालचा रंग ओढून सोलू लागले.

१८१८ नंतर खानदेश इंग्रजांकडे गेला होता. अजिंठा मात्र हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याने १९१४ मध्ये पुरातत्त्व खाते स्थापून गुलाम याझदानी यांच्याकडे त्याची सूत्रे दिली. याझदानींनी चित्रांच्या जतनासाठी इटलीहून दोन तज्ज्ञ बोलाविले. १९२० ते १९२२ या हंगामांत त्यांनी सुटलेला गिलावा भिंतीला पुन्हा चिकटविला. त्यामुळे पुष्कळ चित्रे कोसळण्यापासून वाचली. परंतु त्यांनीही वरून चपड्याचा लेप दिला आणि तो पुढे काळवंडला. १९९९ पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांनी दहाव्या लेण्यात हे थर कणाकणाने काढले, तेव्हा खालून इसवी सनापूर्वीच्या चित्रांचे चेहरे वर आले.

येथे कोणाच्याही हेतूविषयी शंका नाही. नकलाकारांचे अजिंठ्यावर प्रेम होते, इटालियन तज्ज्ञांचे आपल्या कामात कौशल्य होते. उणीव होती ती एवढीच की आजचा उपाय पन्नास वर्षांनी काय करील, याची परीक्षा कोणी केली नव्हती. चांगला हेतू हा परीक्षेचा पर्याय होऊ शकत नाही.

राजाचे नाव कोणते

आता शिलालेखांकडे वळू. १८६० च्या दशकात मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अजिंठ्याचे लेख वाचून प्रसिद्ध केले. पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे वाचन १८८१ मध्ये बर्जेस यांच्यासह निघाले. ब्यूलर यांनीही या लेखांवर श्रम घेतले. सर्वांत महत्त्वाचा लेख सोळाव्या लेण्याचा. वाकाटक राजा हरिषेण याचा अमात्य वराहदेव याने हे लेणे भिक्षुसंघाला दिले, असे त्यातून कळते. त्यात वाकाटकांची वंशावळही आहे. परंतु पावसाने व काळाने अक्षरे झिजली होती. आरंभीच्या विद्वानांनी झिजलेल्या जागी त्यांना आधीच ठाऊक असलेल्या वाकाटक राजांची नावे वाचली.

१९३९ मध्ये वाशीम येथे एक ताम्रपट सापडला. वत्सगुल्म म्हणजे वाशीम येथे वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा होती आणि तिचा मूळपुरुष सर्वसेन होता, हे त्यावरून प्रथमच समजले. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हा ताम्रपट समोर ठेवून अजिंठ्याचा लेख पुन्हा पाहिला, तेव्हा झिजलेल्या अक्षरांत याच शाखेतील राजांची नावे स्पष्ट झाली. डोळे तेच, दगडही तोच. नवा पुरावा मिळाल्यावर वाचन बदलले. मिराशींचा वाकाटक लेखांचा खंड १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजही तो अभ्यासकांचा आधार आहे.

याच मिराशींचे एक दुसरे मत खानदेशाशी निगडित आहे. धुळे जिल्ह्यातील शिरपूर येथे महाराज रुद्रदास याचा एक ताम्रपट मिळाला होता. त्यावरून व तशाच इतर ताम्रपटांवरून मिराशींनी खानदेशात राज्य करणारे एक प्राचीन घराणे कल्पिले आणि त्यांचे वल्ख हे नगर म्हणजे चाळीसगावजवळचे वाघळी असे सुचविले. नामसाम्य आकर्षक होते. परंतु १९८२ मध्ये मध्य प्रदेशातील बाघ येथे २७ ताम्रपटांचा साठा सापडला आणि या घराण्याचे केंद्र नर्मदेच्या बाजूला, बाघच्या परिसरात असल्याचे दिसून आले. आपल्या गावाचे नाव इतिहासात असावे, ही इच्छा कोणालाही होते. म्हणूनच असे मत तपासतांना अधिक कठोर व्हावे लागते. मिराशींची थोरवी यामुळे कमी होत नाही. त्यांनी आपला आधार उघड मांडला होता, म्हणूनच पुढच्यांना तो तपासता आला.

दूतमंडळ की सुत्त

तिन्ही शास्त्रे एकत्र न आल्यास काय होते याचे सर्वांत बोलके उदाहरण पहिल्या लेण्यात आहे. तेथील एका चित्रात सिंहासनावर राजा बसला आहे आणि टोपी व अंगरखा घातलेले, दाढीवाले परदेशी पुरुष त्याला भेटी देत आहेत. जेम्स फर्ग्युसन यांनी १८७९ मध्ये असे प्रतिपादन केले की, इराणचा सम्राट दुसरा खुसरो याने चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या दरबारी पाठविलेल्या दूतांचे हे चित्र आहे. अशा पत्रव्यवहाराचा उल्लेख इतिहासकार तबरी याने केलेला असल्यामुळे मताला वजन आले. मग ओघानेच ठरले की, पुलकेशी सातव्या शतकातला, तेव्हा चित्र सातव्या शतकातले, आणि पहिले लेणेही त्याच काळातले. एका चित्राच्या राजकीय अर्थावर लेण्यांच्या कालक्रमाची इमारत उभी राहिली. पाठ्यपुस्तकांतूनही ती पसरली.

यात कोणीही विचारले नाही की, ज्या विहाराच्या भिंती जातके आणि अवदाने यांनी भरलेल्या आहेत, तेथे एकाएकी दरबारी बातमीचे चित्र का यावे? जर्मन विद्वान डिटर श्लिंगलॉफ यांनी अजिंठ्याचे प्रत्येक चित्र बौद्ध वाङ्मयाशी ताडून पाहिले आणि हे चित्र महासुदर्शन राजाच्या कथेतील असल्याचे दाखविले. आज बहुसंख्य अभ्यासकांनी हा निष्कर्ष स्वीकारला आहे.

पालीच्या विद्यार्थ्याला ही कथा परिचित आहे. दीघनिकायातील सतरावे सुत्त ते हेच. कुसिनारेला महापरिनिर्वाण समीप आले असता आनंद विनवितो की, भगवंतांनी अशा लहानशा नगरात देह ठेवू नये. तेव्हा तथागत सांगतात, हेच नगर एके काळी कुसावती या नावाने समृद्ध होते आणि महासुदस्सन हा चक्रवर्ती तेथे राज्य करीत होता. लोक त्याच्याकडे विपुल धन घेऊन येतात. तो म्हणतो की, माझ्याजवळ पुरेसे आहे, ते तुमच्याजवळच राहू द्या. कथेच्या शेवटी ते नगर, तो प्रासाद, ते हत्ती-घोडे सर्व नाहीसे झालेले असते आणि संस्कारांची अनित्यता सांगून सुत्त संपते.

अर्थामध्ये किती अंतर पडले ते पाहावे. एका वाचनात हे चित्र राजाच्या वैभवाचे स्मारक ठरते. दुसऱ्या वाचनात त्याच वैभवाच्या अनित्यतेचा उपदेश. परदेशी पोशाखातले पुरुष चित्रात आहेतच. पाचव्या शतकातील चित्रकाराने असे परदेशी पाहिले होते, हा सामाजिक इतिहासाचा पुरावाही आहेच. परंतु चित्राचा विषय त्यावरून ठरत नाही. येथे राजकीय इतिहासाची चूक वाङ्मयाने सुधारली, आणि त्यासोबत लेण्याची काळगणनाही दुरुस्त करण्याचा मार्ग मोकळा झाला.

अडचणीची सत्ये

अमेरिकन संशोधक वॉल्टर स्पिंक यांनी अजिंठ्याच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले. दाराचे खुंट ज्या खळग्यांत फिरत त्या खळग्यांची बदलती रचना, अपुरे राहिलेले खांब, घाईने कोरलेल्या मूर्ती अशा बारीक खुणांवरून त्यांनी असे मांडले की, दुसऱ्या काळातील लेणी सुमारे इ. स. ४६२ ते ४८० या अल्पावधीत, मुख्यतः हरिषेणाच्या राज्यात झाली आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या राजकीय उलथापालथीत काम थांबले. सुताराच्या दारावरून साम्राज्याचा अंत वाचण्याची ही रीत विलक्षण आहे. सर्वांनी ती मान्य केलेली नाही. इतकी अचूक वर्षे देता येतील का, यावर मतभेद आहेत. तरीही सातव्या शतकाचे जुने गृहीतक आता टिकत नाही, याविषयी फारसा वाद उरलेला नाही.

या संशोधनातून निघणारी काही सत्ये आपल्या मनाला सहज रुचणारी नाहीत. वाकाटक हे वैदिक यज्ञांचा अभिमान सांगणारे ब्राह्मण घराणे होते. वराहदेवाचे कुळही ब्राह्मणच, हे जवळच्या घटोत्कच लेण्यातील लेखावरून कळते. आणि तरीही वराहदेवाने बुद्धासाठी लेणे दिले. अजिंठ्याच्या उपलब्ध लेखांत कोणत्याही वाकाटक राजाने स्वतः लेणे दिल्याची नोंद मात्र नाही. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पहिली सांगून दुसरी झाकणे, किंवा दुसरी सांगून पहिली झाकणे, हे संशोधन नव्हे. सतराव्या लेण्याचा दाता हा एक मांडलिक राजा होता आणि त्याचा प्रदेश मिराशींच्या मते ऋषिक, म्हणजे आपले खानदेश. रविसांब नावाच्या धाकट्या भावाच्या मृत्यूने खचलेला हा राजा दानधर्माकडे वळला, असे त्याचा लेख सांगतो. सव्विसाव्या लेण्याचा दाता बुद्धभद्र हा भिक्षू होता आणि त्याने अश्मकाच्या अमात्याशी असलेली आपली मैत्री अभिमानाने नोंदविली आहे. धम्म, शोक, मैत्री आणि सत्ता हे सर्व एकाच डोंगरात गुंतलेले आहे.

पहिल्या काळातील दाते मात्र वेगळे आहेत. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्याचा दर्शनी भाग वासिष्ठीपुत्र कटहादी याने दिला, बाराव्या लेण्याचे दान घनमदड नावाच्या व्यापाऱ्याचे. पितळखोऱ्याला गेल्यास हे चित्र आणखी स्पष्ट होते. मधुसूदन नरहर देशपांडे यांनी १९५९ मध्ये तेथील उत्खननाचे व लेखांचे विवेचन प्रसिद्ध केले. तेथील दात्यांत पैठणचा एक गन्धिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे. मगिल नावाचा राजवैद्य आणि त्याची मुले आहेत. आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असलेल्या हसऱ्या यक्षाच्या हातावर तो घडविणाऱ्याचे नाव कोरले आहे : कण्हदास, आणि त्याचा धंदा सोनाराचा. प्राचीन भारतात कारागिराचे नाव क्वचितच टिकते. येथे ते टिकले, कारण त्या काळच्या विहारात हाताने काम करणाऱ्याला नाव कोरण्याइतकी जागा होती. ही गोष्ट कोणत्याही राजवंशाच्या नावापेक्षा आपल्याला अधिक मोलाची वाटावी.

महापदेसाची कसोटी

महापरिनिब्बान सुत्तात भोगनगर येथे तथागतांनी चार महापदेस सांगितले आहेत. कोणी म्हणाले की, हे मी स्वतः भगवंतांच्या तोंडून ऐकले, किंवा संघाकडून, किंवा बहुश्रुत थेरांकडून, किंवा एका थेराकडून ऐकले, तर ते लगेच स्वीकारू नये आणि लगेच धिक्कारूही नये. सुत्ताशी आणि विनयाशी ताडून पाहावे. कालामांनाही त्यांनी परंपरा, ऐकीव गोष्ट किंवा गुरूचे वजन एवढ्यावर विसंबू नये असेच सांगितले. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी गृहत्यागाची प्रचलित कथा बुद्धीला पटत नाही असे स्पष्ट म्हटले, आणि ग्रंथात शाक्य-कोलियांच्या पाण्याच्या तंट्यात त्याचे कारण शोधले. श्रद्धा आणि चिकित्सा यांत त्यांनी भिंत उभारली नाही.

अजिंठ्याच्या अभ्यासात हीच रीत आपल्याला हवी आहे. रंगाविषयीचे विधान शिलालेखाशी ताडावे, शिलालेखाचे वाचन ताम्रपटाशी ताडावे, चित्राचा अर्थ सुत्त-जातकांशी ताडावा. अलीकडचे एक उदाहरण देतो. २०१६ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणातील एक माजी रसायनतज्ज्ञ आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे एक प्राध्यापक यांनी वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू ओळखले आणि त्यामुळे तेथील गिलावा किडीपासून वाचला असावा, असे मत मांडले. अजिंठ्याच्या गिलाव्यात हे तंतू नाहीत आणि तेथे किडीने पुष्कळ हानी केली आहे. वनस्पतिशास्त्राची पदवी घेतलेला आपला मुलगा किंवा मुलगी बौद्ध विद्येच्या बाहेर नाही, हे यावरून ध्यानात यावे.

आपल्याकडे धम्माच्या अभ्यासाची गोडी असलेले तरुण पाली घेतात, आणि विज्ञानाचे विद्यार्थी आपला धम्माशी संबंध विहारातील वंदनेपुरता समजतात. ही फारकत आता मोडली पाहिजे. जळगावच्या विद्यापीठात रसायन शिकणाऱ्याने ब्राह्मी लिपी शिकावी. धुळ्यात इतिहास शिकणाऱ्याने दीघनिकाय वाचावा. चित्रकलेच्या विद्यार्थ्याने जातके वाचून मग दहाव्या लेण्यातील षड्दंत हत्तीसमोर उभे राहावे. ते चित्र आज उपलब्ध असलेल्या जातक-अट्ठकथेपेक्षा कित्येक शतके जुने आहे. कथेचा असा प्राचीन साक्षीदार आपल्या घरापासून दोन तासांच्या वाटेवर आहे.

आणि जे अभ्यासक होणार नाहीत त्यांच्याकडेही एक काम आहे. गर्दीच्या श्वासातील बाष्प, वटवाघळे, कीड आणि पावसाचे झिरपणारे पाणी हे चित्रांचे आजचे शत्रू आहेत. लेण्यात मेणबत्ती व अगरबत्ती लावू नये, भिंतीला हात लावू नये, विजेरीचा झोत चित्रावर धरू नये. वंदना मनोमन घ्यावी. स्मिथने खांबावर नाव कोरले, नकलाकारांनी प्रेमापोटी रोगण लावले. आपली श्रद्धा त्या भिंतीवरचा आणखी एक थर होऊ नये.